खोट्या रेडिओचा खरा आवाज

जुना व्हॉल्व्हचा रेडिओ लावला की लगेच बोलत नसे. बटण फिरवलं की ‘कट्’ असा आवाज यायचा, काचेची पट्टी पिवळी उजळायची आणि मग नुसतं थांबायचं. आतले व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या नळ्या, तापायला वीस-तीस सेकंद लागत. आधी बारीक गुणगुण, मग खरखर, आणि त्या खरखरीतून माणसाचा आवाज हळूहळू वर यायचा, विहिरीतून पोहरा वर यावा तसा. आजीनं मला हे हातवाऱ्यांसकट करून दाखवलं. बटण फिरवून ती खरोखरच गप्प बसून राहिली, नजर समोरच्या भिंतीवर. आमच्या नाटकातला रेडिओ असाच बोलला पाहिजे, हे माझं त्या क्षणी ठरलं.

आमची संस्था हौशी. दिवसा नोकऱ्या, रात्री तालमी, आणि हिवाळा जवळ आला की राज्य नाट्य स्पर्धेची धावपळ. मी बँकेत काम करते आणि गेली नऊ वर्षं संस्थेचं नेपथ्य आणि प्रॉपर्टी, म्हणजे मंचावरच्या वस्तू, सांभाळते. थर्माकोलचे खांब, पुठ्ठ्याचे दगड, चहाच्या पाण्यात बुडवून जुनी केलेली पत्रं हे सगळं माझ्या हातचं. विजेशी संबंध मात्र फ्यूज बदलण्यापुरता. एलईडीला दोन पाय असतात, लांब पाय धन बाजूला आणि आखूड पाय ऋण बाजूला, इथपासून मला शिकायचं होतं.

नाटक पानशेतच्या पुराचं. १२ जुलै १९६१ च्या सकाळी पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं गेलं आणि मुठेकाठच्या पेठांत पाणी शिरलं, हे पुण्यातल्या जुन्या घरांमधून अजून सांगितलं जातं. आमच्या लेखकानं त्याआधीच्या दोन दिवसांतलं एक घर घेतलं होतं. त्या घरातली मुलगी बुधवारची वाट बघते आहे, कारण बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला. आणि १२ जुलै हा बुधवारच होता. पहिल्या अंकात सकाळी आकाशवाणीची धून लागते. मंगळवारी रात्री मुलगी सिलोन लागतंय का ते चाचपून बघते. दुसऱ्या अंकात पाणी येतं, थोरला भाऊ वायर उपटतो, रेडिओ डोक्यावर घेतो आणि माळ्याच्या जिन्याकडे धावतो. शेवटच्या प्रवेशात चिखलानं भरलेल्या घरात वडील रेडिओचं बटण फिरवतात. ‘कट्’. बाकी काही नाही.

दिग्दर्शक म्हणाला, “ताई, तू नुसतं खोकं कर. आवाज आपण साउंडवरून सोडू.”

सगळीकडे असंच करतात आणि मला ते नेहमी खुपत आलं आहे. नट मंचाच्या डाव्या कोपऱ्यात बटण फिरवतो आणि आवाज येतो नाट्यगृहाच्या दोन्ही भिंतींवरून, सभागृहाएवढा मोठा. नट साउंडवाल्याची वाट बघतो, साउंडवाला नटाची. मधे अर्धा सेकंद जातो. त्या अर्ध्या सेकंदात प्रेक्षकाच्या कानाला सगळं कळतं. आवाज त्या वस्तूतूनच यायला हवा आणि नटाच्या बोटांनी यायला हवा. मुलगी बटण केसभर सरकवेल तेव्हा सिलोन केसभरच जवळ यायला हवं. मी बरंच बोलले असणार, कारण शेवटी तो म्हणाला, “तीन आठवडे देतो. जमलं तर वापरू.”

नमुना आजीच्या माहेरी होता. साताऱ्याच्या घरात माळ्यावर जुना मर्फी रेडिओ, पोत्यात गुंडाळलेला. खाली उतरवला तेव्हा वजन काट्यावर साडेअकरा किलो भरलं. लाकूड बोट लावलं की भुसा पडेल असं झालेलं. तो वापरायचा प्रश्नच नव्हता. मागची जाळीदार पाटी काढली तर आतल्या कोपऱ्यात रेडिओच्या लायसन्सचं पुस्तक सापडलं, पोस्टाच्या तिकिटांचं. रेडिओ घरात ठेवायचा तर दरवर्षी पोस्टात फी भरावी लागे, हे मी ऐकून होते. तिकिटांवरचे शिक्के बघितले नव्हते. माझ्या आत्येभावानं आधीच बजावलं होतं की हा रेडिओ चुकूनही प्लगला लावायचा नाही. व्हॉल्व्हच्या रेडिओत आत अडीचशे व्होल्टच्या आसपास दाब असतो, आणि इतकी वर्षं पडून राहिलेल्या, वीज साठवणाऱ्या जुन्या कपॅसिटरांचा भरवसा नसतो. मी फक्त मापं घेतली. डायलच्या काचेवर ट्रेसिंग पेपर ठेवून एकेक अक्षर काढून घेतलं. बटणांचे व्यास कर्कटकानं मोजले. लाऊडस्पीकरवरच्या कापडाचा फोटो दिवसाच्या उजेडात आणि बल्बच्या उजेडात, दोन्ही वेळा काढला.

खोकं करायला मला चार दिवस लागले, कारण ते माझंच काम. सहा मिलीमीटरचं प्लायवूड, वर सागाचं व्हिनिअर, कोपऱ्यांची गोलाई देण्यासाठी आतून चिरा पाडून वाकवलेली पट्टी, आणि तीन हात फ्रेंच पॉलिश. वजन साडेतीन किलो. नटाला डोक्यावर घेऊन पळता येईल असं. बटणं बेकलाइटचीच, म्हणजे त्या काळच्या कडक प्लास्टिकची, हवी होती. ती मंगळवार पेठेजवळच्या जुन्या बाजारात रविवारी मिळाली, तीन वेगवेगळ्या ढिगांमधून. स्पीकरच्या कापडासाठी पाच दुकानं हिंडले. तिथली परीक्षा एकच. कापड तोंडासमोर धरायचं आणि फुंकर मारायची. पलीकडे हाताला हवा लागली तर आवाजही जाईल. शेवटी जाडसर विणीचं एक तपकिरी पडद्याचं कापड निवडलं आणि त्यात जरीचे धागे मी स्वतः ओवले.

मग तपकीर गल्ली. बुधवार पेठेतल्या त्या गल्लीत मी दिव्यांच्या माळा घ्यायला दर दिवाळीला जाते, पण या वेळी पहिल्यांदाच सुट्या भागांच्या काउंटरसमोर उभी राहिले. यादी आत्येभावानं लिहून दिली होती: आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम घालता येणारा बोटभर संगणक), दोन डीएफप्लेअर मिनी (आवाजाच्या फाइली वाजवणारे), वॉर्म व्हाइट एलईडी, हिरवे एलईडी, २२० ओहमचे रेझिस्टर (प्रवाहाला आवर घालणारे), एक किलोओहमचे रेझिस्टर, तीन इंची चार ओहमचे दोन स्पीकर, दोन पोटेंशिओमीटर, म्हणजे फिरवून कमी-जास्त करायचे पॉट, आणि त्यांतला एक स्विचवाला. दुकानदार म्हणाले, “स्विचवाला पॉट आता कोणी मागत नाही, ताई.” आतल्या खोलीत जाऊन ते एक धुळकट पाकीट घेऊन आले. मी तिथेच तो कानाशी धरून फिरवला. ‘कट्’. शेवटच्या प्रवेशातला तो एकमेव आवाज मला चाळीस रुपयांना मिळाला.

पहिला एलईडी मी नऊ व्होल्टच्या बॅटरीला सरळ लावून जाळला. क्षणभर निळसर पांढरा झळकला आणि गेला. मग आत्येभावानं फोनवर हिशेब समजावला. पुरवठा पाच व्होल्टचा, पांढरा एलईडी स्वतःवर साधारण तीन घेतो, उरले दोन. दहा मिलिअँपिअर प्रवाह हवा असेल तर दोन भागिले ०.०१ म्हणजे २०० ओहम. बाजारात जवळचा मिळतो २२०. व्याजाच्या हिशेबाइतका सरळ. त्यानंतर माझा एकही एलईडी जळला नाही.

सोल्डरिंग शिकायला एक संध्याकाळ पुरली, पण ती संध्याकाळ मी आधी तीन दिवस वाया घालवून मग शिकले. माझी चूक अशी की मी कथलाची तार गनच्या टोकावर वितळवायची आणि तो थेंब तारेवर नेऊन ठेवायची. थेंब बसायचा, दिसायचाही छान, आणि दुसऱ्या दिवशी ओढला की गोळीसारखा सुटून यायचा. करायचं असतं उलट. गनचं टोक तार आणि पट्टी दोन्हींना एकदम टेकवायचं, मनात तीन म्हणायचं आणि कथील टोकाला न लावता त्या तापलेल्या जोडाला लावायचं. जोड पुरेसा तापला असेल तर कथील स्वतःहून पाण्यासारखं पसरतं आणि तारेला अंगाबरोबर धरतं. चांगला डाग, म्हणजे कथलाचा जोड, चकचकीत आणि उताराचा असतो. गोल, मळकट आणि फुगीर दिसला तर तो आत सुटाच असतो. मी वीस डाग काढून पुन्हा मारले.

डायलचा उजेड मला वाटलं होतं सगळ्यात सोपा. काचेऐवजी तीन मिलीमीटरचं अॅक्रिलिक, त्यामागे पारदर्शक शीटवर छापलेली अक्षरं, त्यामागे चार वॉर्म व्हाइट एलईडी. दिवा लावला आणि पट्टीवर चार चांदण्या दिसल्या. दिवे कुठे आहेत ते दिसत होतं, डायल दिसतच नव्हता. जुन्या रेडिओत एखाद-दुसरा बारीक बल्ब असे आणि उजेड कडेनं शिरून काचभर पसरे. म्हणून मी एलईडी मागून काढून पट्टीच्या दोन टोकांना, आडवे बसवले, अॅक्रिलिकची मागची बाजू ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासून धुरकट केली आणि त्यामागे बटर पेपर लावला. चांदण्या गेल्या. जुन्या बल्बसारखा मध्यभागी थोडा मंद आणि कडांना गडद पिवळा उजेड आला. मग कळलं की खोक्याच्या प्रत्येक फटीतूनही उजेड बाहेर येतोय. आतून दोन हात काळा रंग आणि सांध्यांवर अॅल्युमिनियमची टेप लावली, तेव्हा ते थांबलं.

छापलेल्या अक्षरांमध्ये माझी एक चूक होती आणि ती पकडली आमच्याकडे व्हायोलिन वाजवणाऱ्या काकांनी. डायलच्या कडेला मी ‘किलोहर्ट्झ’चं इंग्रजी लघुरूप छापलं होतं, कारण आज तसंच लिहितात. काका म्हणाले, “त्या काळी किलोसायकल म्हणायचे गं.” मी साताऱ्याहून आणलेला ट्रेसिंग पेपर उलगडला. खरंच, माझ्याच हातानं काढून घेतलेली अक्षरं किलोसायकलची होती. छापताना मीच ‘दुरुस्त’ केली होती. पुन्हा छापून आणली. पंधराव्या रांगेतून ते कुणाला दिसणार नव्हतं, हे मला माहीत होतं. पण मुलीचं काम करणारी नटी रोज त्या पट्टीकडे दोन वीत अंतरावरून बघणार होती.

हिरवा डोळा हा माझा सगळ्यात लाडका भाग. चांगल्या रेडिओंना स्टेशन नीट लागलं की नाही ते दाखवणारी एक नळी असे, मॅजिक आय. असली पहिली नळी अमेरिकेत आरसीए कंपनीनं १९३५ मध्ये आणली. गोल हिरवा डोळा, त्यात एक काळी पाचर. स्टेशन जवळ येईल तशी पाचर मिटत जायची. हे करायला पडदे, मोटारी असं काही लागत नाही. मी पुठ्ठ्याच्या नळीत तीन कप्पे केले, तिन्हीत हिरवे एलईडी, वर घासलेल्या अॅक्रिलिकची चकती. कडेचे दोन कायम पेटलेले, मधला विझलेला. स्टेशन जवळ आलं की मधला हळूहळू उजळतो आणि काळी पाचर भरून निघते. पहिल्यांदा उजळला तेव्हा मात्र तो आधी झटकन चढला आणि नंतर काही फरकच दिसेना. नॅनोला ० ते २५५ असा सरळ चढता आकडा दिला तरी डोळ्याला तो सरळ वाटत नाही. अंधारातला थोडासा फरकही डोळा मोठा मानतो. आकड्याचा वर्ग करून मग दिला, तेव्हा पाचर मिटू लागली. त्या रात्री मी बटण पंचवीसेक वेळा तरी फिरवलं असेल.

आवाजासाठी दोन डीएफप्लेअर घेण्यामागे कारण होतं. सुरुवातीला एकच घेतला होता. पोस्टाच्या तिकिटाएवढा हा भाग मेमरी कार्डावरची फाइल वाजवतो आणि छोटा स्पीकर त्यालाच थेट जोडता येतो. पण एक फाइल थांबवून दुसरी लावताना मधे क्षणभर शांतता पडते. रेडिओत शांतता कधीच नसते. दोन स्टेशनांच्या मधेही खरखर असते. म्हणून एका प्लेअरवर खरखर अखंड चालू ठेवली, दुसऱ्यावर स्टेशन, आणि बटण फिरेल तसा एकाचा आवाज वाढतो, दुसऱ्याचा उतरतो. प्लेअरला आवाजाच्या ० ते ३० अशा पायऱ्या असतात, तेवढ्या पुरल्या. पट्टा बदलायला तिसरं बटण. मीडिअम वेव्हवर पुणे, शॉर्ट वेव्हवर सिलोन.

पुणे केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ ला, म्हणजे आमच्या नाटकातल्या घराच्या ते चांगलं सवयीचं झालेलं. आकाशवाणीची धून वॉल्टर कॉफमन यांची, १९३६ सालची. ती आमच्या काकांनीच व्हायोलिनवर वाजवली, खालचा तंबोरा त्यांच्या मुलीनं धरला. मी फोनवर रेकॉर्ड केली आणि ऐकून निराश झाले, कारण ती फारच स्वच्छ होती. मग संगणकावर ४५०० हर्ट्झच्या वरचं आणि २०० च्या खालचं सगळं कापलं. आवाज एकदम खोक्यातला झाला. त्याखाली १०० हर्ट्झची बारीक गुणगुण भरली. आपली वीज ५० हर्ट्झची. ती रेडिओच्या आत एकदिश होताना तिची गुणगुण दुप्पट होऊन १०० वर येते. खरखर कुठून आणायची हा प्रश्न नव्हता. रात्री साडेअकराला गच्चीवर ट्रान्झिस्टर नेला आणि दोन स्टेशनांच्या मधली रिकामी जागा अर्धा तास रेकॉर्ड केली. सिलोनसाठी आमच्याच एका सभासदानं दंतमंजनाची एक काल्पनिक जाहिरात हिंदीत म्हटली, आणि तिचा आवाज मी लाटेसारखा खालीवर केला, शॉर्ट वेव्हवर दुरून येणारं स्टेशन होतं तसा.

सगळं जोडलं, बटण फिरवलं आणि काहीच झालं नाही. नॅनोचा दिवा पेटत होता, प्लेअरचा पेटत होता, दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. दोन रात्री मी प्रोग्रॅम तपासला. चूक तारेत होती. मी नॅनोला एका बॅटरीवर आणि प्लेअरना दुसऱ्या बॅटरीवर ठेवलं होतं आणि दोघांची ऋण तार एकत्र केलीच नव्हती. एकानं पाच व्होल्ट म्हणून पाठवलेला इशारा दुसऱ्यानं कशापासून मोजायचा? एक काळी तार जोडली आणि धून लागली. पुण्याच्या जागी सिलोन वाजलं, ही पुढची गोष्ट. कार्डावर फाइली ज्या क्रमानं कॉपी केल्या त्याच क्रमानं तो मोजत होता. ‘एमपी३’ नावाच्या फोल्डरमध्ये चार आकडी नावं देऊन नावानंच हाक मारायला लावलं, मग प्रत्येक जण आपल्या जागी आला.

आवाज मात्र पातळ होता, डब्यातल्या माशीसारखा. स्पीकर टेबलावर उघडे पडले होते. ते प्लायच्या पुढच्या फळीला भोक पाडून घट्ट स्क्रूनं आवळले, तेव्हा त्याच स्पीकरांतून दुप्पट भरीव आवाज आला. उघड्या स्पीकरचा मागचा आवाज पुढच्या आवाजाला खाऊन टाकतो. मधे फळी आली की तो मागे अडतो. आधीच्या लोकांनी रेडिओला एवढं मोठं लाकडी खोकं का दिलं, ते मला तेव्हा हातानं कळलं.

एक त्रास उरला. हिरवा डोळा उजळू लागला की स्पीकरमधून एक बारीक सूर निघायचा. मला वाटलं, असू दे, रेडिओच आहे. काकांनी कान लावला आणि म्हणाले, “हा पांढरी सातच्या किंचित खाली गुणगुणतोय.” मी शोधलं. एलईडी मंद करायला नॅनो तो सेकंदाला ४९० वेळा चालू-बंद करतो, आणि पांढरी सात, म्हणजे पेटीची सातवी पांढरी पट्टी, साधारण ४९४ हर्ट्झची. काकांचं बोट बरोबर जागी पडलं होतं. एलईडीचा प्रवाह आणि स्पीकरचा प्रवाह एकाच बारीक काळ्या तारेतून परत येत होते, त्यामुळे एकाची धडधड दुसऱ्यात ऐकू येत होती. दोघांना बॅटरीपर्यंत वेगवेगळ्या जाड तारा दिल्या, प्लेअरच्या पुरवठ्यावर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवला (त्याची ऋण बाजू पांढऱ्या पट्ट्यानं दाखवलेली असते, ती उलटी झाली तर तो फुटतो) आणि प्लेअरला इशारा नेणाऱ्या तारेत एक किलोओहमचा रेझिस्टर घातला. सूर गेला. सिलोनच्या शिट्ट्या मी रेकॉर्डिंगमध्ये मुद्दाम ठेवल्या होत्या; त्यांच्यात हा आगंतुक सूर मला नको होता.

पहिल्या सलग तालमीला रेडिओ बंद पडला. मोबाइलच्या पॉवर बँकेवर चालवत होते मी तो. पॉवर बँकेला वाटतं की इतका कमी प्रवाह म्हणजे फोन भरला, आणि ती स्वतःहून पुरवठा तोडते. प्रवेशाच्या आधीची सात मिनिटं रेडिओ गप्प उभा होता, तेवढ्यात ती झोपली. दिग्दर्शक काही बोलला नाही, फक्त साउंडवाल्याकडे बघितलं. त्या रात्री मी पॉवर बँक काढली आणि १८६५० चा एक लिथियम सेल, त्याची संरक्षक पट्टी आणि पाच व्होल्टपर्यंत चढवणारा बूस्ट भाग बसवला. त्याचा बारीक स्क्रू मल्टिमीटर लावूनच फिरवायचा. जोडण्याआधी पाच दिसले पाहिजेत.

वायर उपटण्याचा प्रसंग मला सगळ्यात जपून करायचा होता. रेडिओला नाटकात वायर आणि प्लग आहे, पण आत फक्त बॅटरी. प्लग निघाला की आवाज गेला पाहिजे. म्हणून वायरमधल्या दोन तारा नॅनोपर्यंत नेल्या. सेटवरच्या खोट्या सॉकेटमध्ये त्या एकमेकींना जोडल्या जातात, प्लग निघाला की तुटतात. पण जुना दोन गोल पिनांचा प्लग खऱ्या सॉकेटमध्येही गेला असता. विंगेत घाईत कुणी तो भिंतीत खुपसला तर २३० व्होल्ट सरळ नटाच्या हातातल्या वस्तूत. मी प्लग पोकळ केला, पिना कापून टाकल्या आणि आतून हेडफोनची पिन बाहेर काढली. भिंतीतल्या सॉकेटमध्ये तो प्लग आता नेहमीसारखा बसत नाही. प्रेक्षकांतून काही फरक दिसत नाही. कुणी असं काही करणार असेल तर बाकी सगळं नंतर करा, आधी खोटा प्लग भिंतीत जाणारच नाही हे बघा. आणि प्लग निघाल्यावर आवाज पटकन तुटू न देता दीड सेकंदात विझवला, कारण जुन्या रेडिओत वीज गेल्यावरही आतल्या कपॅसिटरांत थोडा जीव उरायचा.

वीस सेकंदांच्या शांततेवर आमचं भांडण झालं. दिग्दर्शकाला पाच हवे होते. “मंचावर वीस सेकंद म्हणजे मरण,” तो म्हणाला. मी म्हटलं, त्या घरातली माणसं रोज सकाळी एवढी थांबत होती. ते थांबणं दाखवायला मी हे सगळं केलं. शेवटी वडिलांचं काम करणाऱ्या नटानं तोड काढली. बटण फिरवून ते मनगटावरचं घड्याळ काढतात, कानाशी धरतात, चावी देऊ लागतात. रेडिओ बोलेल तेव्हा वेळ लावायची आहे त्यांना. चौदा सेकंदांवर तडजोड झाली. प्रयोगात त्या चौदा सेकंदांत सभागृहात कुणी खोकललं नाही. मी विंगेत उभी होते, हातात रेडिओसाठीचा दुसरा भरलेला सेल होता, आणि गुणगुण सुरू झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं की मीही श्वास धरून ठेवलाय. मग खरखर आली, मग काकांचं व्हायोलिन, डाव्या कोपऱ्यातल्या त्या टेबलावरून. कुठल्याही भिंतीवरून नाही.

मंगळवार रात्रीच्या प्रवेशात मुलीनं बटण इतकं हळू सरकवलं की तालमीत कधी सरकवलं नव्हतं. पाचर अर्धी मिटली, जाहिरातीचा आवाज वर आला, ती थबकली, आणि बोट जरासं मागे घेतलं. आवाज दूर गेला. पुन्हा पुढे. हे संहितेत नव्हतं.

प्रयोग संपल्यावर रंगपटात बरीच माणसं आली. त्यांच्यात एक पंचाहत्तरीचे आजोबा होते. आमच्या कुणाच्याच ओळखीचे नव्हते. ते सरळ रेडिओपाशी गेले आणि तळहात त्याच्या माथ्यावर ठेवला. तसाच ठेवून उभे राहिले.

“गरम नाही,” म्हणाले.

मी सांगितलं की आत व्हॉल्व्ह नाहीत. त्यांनी मागची पाटी उघडून दाखवता का विचारलं. दुकान होतं त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं, चाळीस वर्षं. मी स्क्रू काढले. ते बराच वेळ आत बघत होते. डाग एकेक करून बोटानं दाबून पाहिले, आणि काही बोलले नाहीत, त्यावरून मी समजले की ते बरे आहेत. मग तारांकडे बोट केलं. माझ्या तारा जाळ्यासारख्या लोंबत होत्या. डोक्यावर घेऊन पळताना एखादी निघाली असती.

“दोरा आहे का? मेणाचा?”

वेशभूषेच्या डब्यातून जाड दोऱ्याचं रीळ मिळालं. मेण नव्हतं, तर त्यांनी देवापुढच्या मेणबत्तीवरून दोरा दोनदा ओढून घेतला. सगळ्या तारा एका जुडीत गोळा केल्या, एका टोकाला गाठ मारली, आणि दर बोटभर अंतरावर दोऱ्याचा एक फास घालत, तो ओढून आवळत पुढे निघाले. एकच अखंड दोरा. आरशासमोरच्या दिव्याखाली, पावडरीच्या डब्यांच्या मधे. चौथा फास त्यांनी माझ्या हातात दिला आणि मी तो उलटा घातला. त्यांनी तो सोडवला आणि पुन्हा माझ्याच हातात दिला.